रविवारबंदी आणि दुमजली पाव

शनिवार, ९ जानेवारी १९९३

डॉक्टर म्हणाले, रोज किती झोपता आणि काय खाता ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी मला दाखवा. तिसरीच्या वर्गाची हजेरी मी नोकरी संपेपर्यंत घेतली, तेव्हा नोंदी ठेवायला जड जाऊ नये. झोप: थोडी. जेवण: सकाळी ओटची लापशी, दुपारी कालचे सूप.

वही मोठी आहे. एवढ्याने पान भरत नाही.

आज पाव भाजले, शनिवार आहे म्हणून. कणकेच्या एका गोळ्यावर दुसरा छोटा गोळा ठेवून अंगठ्याने दाबायचा, असे आमचे दुमजली पाव. अंगठा नीट बसला नाही तर ओव्हनमध्ये वरचा मजला कलंडतो. आज बरेच कलंडले. माझा नवरा इसब्रांट असता तर कलंडलेले त्याने आधीच खाऊन टाकले असते, म्हणजे पाहुण्यांसमोर सरळ उभे राहणारेच जातील.

तो ऑक्टोबरच्या शेवटी गेला. मुलगी रूथ नववर्षापर्यंत माझ्याजवळ राहिली आणि मग व्हँकुव्हरला परतली. जाण्यापूर्वी तिने पुढच्या आणि मागच्या दाराला नवी कुलपे बसवून घेतली. आमच्या लिंडेनहोफ गावात दाराला कुलूप कोण लावते? पण ती म्हणाली, "आई, तू आता एकटी आहेस. मला तिकडे नीट झोप लागू दे." तिच्या झोपेसाठी मी कुलूप लावते. माझ्या झोपेकडे डॉक्टर बघतात.

रविवार, १० जानेवारी

चर्चहून आल्यावर टेबलावर पांढरा कपडा घातला. पाव, लोणी, चीज, प्लमचा मुरंबा, काकडीचे लोणचे, साखरेचे खडे. चारला कॉफी ठेवली.

फास्प्याला, म्हणजे आमच्या रविवारच्या चारच्या कॉफीला, कोणी कोणाला बोलवत नाही आणि कोणी सांगून येत नाही. रविवारी चारच्या सुमारास लोक दार ढकलून आत येतात, बूट काढतात, बसतात. कोण येईल ते माहीत नसते, म्हणून पाव जास्तच करायचे. आमच्याकडे लग्नाच्या वर्षापासून लोक येत आले. इसब्रांटशी बोलायला यायचे. नगरपरिषद, बियाणे, कोणाचा मुलगा कुठे शिकतो. मी कॉफी ओतायची. आम्ही स्वतः कोणाकडे फारसे गेलो नाही. घर सोडून जाणार कसे, कोणीतरी येणारच असायचे.

आज कोणी आले नाही. सहाला कपड्याची घडी केली. बाहेर उणे अडतीस होते.

जेवण: दोन पाव.

रविवार, १७ जानेवारी

कोणी नाही. पाव फ्रीजरमध्ये टाकले.

बुधवार, २० जानेवारी

डीड्रिकभाऊजी आले. हा इसब्रांटचा धाकटा भाऊ. चेहरा तसाच, आवाज दुप्पट. दारातूनच ओरडले, "वहिनी, कॉफी आहे का, की तीसुद्धा आता विनिपेगहून आणायची?"

कॉफी पिता पिता बातमी सांगितली. प्लेटने पुन्हा डोके वर काढले आहे. वाल्डो प्लेटचे दुकान गावात सगळ्यात मोठे, किराण्यापासून गमबुटांपर्यंत सगळे तिथे मिळते. रविवारी दुकाने बंद ठेवायचा गावाचा नियम त्याला नकोसा आहे.

"दादा होता तोवर गप्प बसला होता," भाऊजी म्हणाले. "आता सरकारनं ज्या त्या गावावर सोडलंय म्हणे. परिषदेत तीन इकडे, तीन तिकडे, आणि क्रोकर नगराध्यक्ष वारा कुठून येतो ते बघत बसलाय. दादाच्या खुर्चीत कोण बसलंय माहिती आहे? प्लेटचा साडू!"

"मला काय त्याचं?"

"सोळा मार्चला जाहीर सभा आहे. तू दोन शब्द बोल."

"मी? मी कधी बोललेय का कुठे?"

"म्हणूनच! मी बोललो तर लोक घड्याळ बघतात. तू तोंड उघडलंस तर खुर्च्या पण कान टवकारतील. दादा बोलायचा तेवढंच बोल. रविवार देवाचा, घराचा, शेजाऱ्यांचा. दुकान उघडलं की फास्पा संपला."

माझ्याकडचा संपलाच आहे, हे मी त्यांना सांगितले नाही. भाऊजी बुधवारी येतात. रविवारी ते बायकोच्या, एल्माच्या माहेरी जातात, नेहमीच जात आले.

बघते, म्हणाले.

रविवार, २४ जानेवारी

कोणी नाही. कॉफी ओतून दिली. थंडीची लाट अजून उतरत नाही, चर्चमध्येही निम्मी बाके रिकामी होती.

लोक इसब्रांटसाठी येत होते, हे मला आधीही माहीत होते. फक्त ते इतके खरे असेल असे वाटले नव्हते. सुसाना तरी येईल असे वाटले होते. आमच्याच पंथाच्या मेक्सिकोतल्या वसाहतीतून ती आणि तिचा नवरा दोन मुलींना घेऊन आले तेव्हा इसब्रांटने त्यांना रुळांपलीकडे घर मिळवून दिले. मी तिला स्वयंपाकघरात बसवून इंग्रजी शिकवली, त्यावर तिला प्लेटच्या दुकानात गल्ल्यावर काम मिळाले. सोमवार ते शनिवार ती तिथे उभी असते. मला बघून हसते. पण येत नाही.

रविवार, ३१ जानेवारी

काल पाव भाजले नाहीत.

थंडी जरा उतरली. गाडी बरेच दिवस बंद होती, बॅटरी उतरू नये म्हणून दुपारी चालू केली. मग वाटले, थोडी चालवून आणावी. मग विनिपेग शहरापर्यंत गेले. कारण काही नव्हते.

तिथला मॉल रविवारीही उघडा होता. दिवे, गाणी, पोरांचा कलकलाट, तळणीचा वास. मी बाकावर कोट मांडीवर घेऊन बसून राहिले. दोन तास कसे गेले कळले नाही.

उशांच्या दुकानापाशी गीसब्रेख्तबाई दिसल्या. आमच्या चर्चच्या गायकवृंदाच्या प्रमुख. सकाळीच त्यांनी 'शांत हा दिवस प्रभूचा' गाऊन घेतले होते. हातात बुटांचा नवा खोका. त्यांनी मला पाहिले, मी त्यांना पाहिले, आणि दोघी एकदम उशा दाबून बघू लागलो. त्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. शेवटी त्या मागच्या बाजूने निघून गेल्या. मी एक उशी विकत घेतली, कारण इतका वेळ दाबल्यावर तशीच ठेवणे बरे वाटले नाही.

झोप: चांगली. उशीमुळे असेल.

सोमवार, १ फेब्रुवारी

मागच्या दाराच्या पायरीवर कलिंगडाच्या लोणच्याची बरणी सापडली. एल्माने ठेवली असावी. तिला फोन करणार होते, राहिले.

दुकानात सुसाना म्हणाली, "बरं आहे ना, काकू?" मी म्हणाले बरं आहे. ती आणखी काही बोलणार असे वाटले, पण तिने अंडी नीट पिशवीत ठेवली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

सोमवार, ८ फेब्रुवारी

काल पुन्हा गेले. आता बॅटरीचे कारण चालणार नाही, कारण बॅटरी ठणठणीत आहे. एका अनोळखी म्हाताऱ्यासमोर बसून साखरेत घोळलेला डोनट खाल्ला. तो म्हणाला, "गर्दी आहे आज." मी म्हणाले, "हो." एवढेच संभाषण, पण रविवारचे संभाषण.

सकाळी दिवसाउजेडी पाहिले तर पुढच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढलेला होता, अगदी कडेपर्यंत. काल दुपारी मी निघताना तो पडतच होता. पावलांचे ठसे दारापर्यंत येऊन परत गेलेले, काही मोठे, काही लहान. मीटर वाचणारा येऊन गेला असावा. लहान ठसे शेजारच्या कुत्र्याचे असतील. आपल्याकडे रविवारी कोणी फावडे हातात घेत नाही, त्यामुळे बर्फाचे कोडे आहे. वाऱ्याने उडाला असेल.

शनिवार, १३ फेब्रुवारी

दुकानात खुद्द प्लेट भेटला. सफरचंदे रचत होता.

"काकू, ऐकलं की तुम्ही सभेत बोलणार. इसब्रांटकाकांच्या बाजूनं बोलणार, ते ठीकच. पण एक सांगतो. लोक रविवारी खरेदी करत नाहीत असं नाही. फक्त इथं करत नाहीत. त्या मॉलच्या गाडीतळावर उभं राहून प्रार्थना म्हटली तर निम्मं गाव आमेन म्हणेल." मग हळूच म्हणाला, "मी नावं घेत नाही हं कोणाची."

मी सफरचंदे न घेताच पुढे गेले.

सुसानाला विचारले, "रविवारी दुकान उघडलं तर तुला कसं गं?"

"मालक म्हणतात, ज्याची इच्छा असेल त्यानंच यायचं."

"मग बरं आहे की."

"हो. फक्त मग इच्छा असावी लागते, काकू."

सामान मोजता मोजता ती म्हणाली, "रविवारी दुपारी आम्ही भेटीला जातो. पोरींना आवडतं."

"कोणाकडे?"

तिने पावती फाडली, घडी घातली, माझ्या हातात दिली. "असंच," म्हणाली.

रुळांपलीकडे तिच्या वसाहतीतली आणखी घरे आहेत. तिकडे जात असतील. वाईट वाटायचे कारण नाही. तरी वाटले.

सोमवार, २२ फेब्रुवारी

काल आणि त्याच्या आदल्या रविवारीही विनिपेग. बाकावरची माझी जागा आता ठरल्यासारखी झाली आहे. पायरीवर पुन्हा बरणी, या वेळी चेरी. एल्माला एवढी चेरी कुठून मिळाली?

रविवार, २८ फेब्रुवारी

आज मुद्दाम घरी राहिले. सभा जवळ आली आहे, काय बोलायचे ते खरेपणाने ठरवायला हवे. पाव भाजून ठेवले होते, कपडा घातला, चार ते सहा बसले. कोणी आले नाही. सकाळपासून हिमवादळ होते, चर्चही बंद होते, समोरचे घर दिसत नव्हते.

तर आता खात्री झाली.

बुधवार, १७ मार्च

काल सभा झाली. शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या जाळ्याखाली. खुर्च्या कमी पडल्या.

पास्टर बोलले. प्लेट बोलला, चांगला बोलला, आकडे सांगितले. म्हातारा युंगास उठून म्हणाला, "माझ्या गायी रविवारी पण दूध देतात, त्यांना कोणी परिषदेत बोलावलं नाही." मागून कोणीतरी म्हणाले, "गायी मॉलमध्ये पण जात नाहीत, बाबा!" लोक हसले, पण जरा जपूनच हसले.

मग क्रोकर म्हणाले, "श्रीमती हार्डर." माईक माझ्या उंचीला खाली करायला वेळ लागला. मी भाऊजींनी सांगितलेले बोलणार होते. खरेच बोलणार होते. पण समोर तेच सगळे चेहरे होते ज्यांच्या कपात मी वर्षानुवर्षे कॉफी ओतली. कोणाला किती साखर लागते ते अजून पाठ आहे.

मी म्हणाले: "माझा नवरा इथं उभा राहून सांगायचा की रविवार शेजाऱ्यांचा आहे. तेव्हा ते खरं होतं. तो गेल्यापासून रविवारी माझ्या घरी कोणी आलेलं नाही. मी कोणाला दोष देत नाही, लोक त्याला भेटायला यायचे. पण चार वाजता सगळं गाव बंद असतं आणि घरात मी एकटी असते, तेव्हा वाटतं, एखादं दुकान उघडं असतं तर बरं झालं असतं. काही घ्यायला नाही. आत जाऊन उभं राहायला. एवढंच."

विनिपेगचे सांगितले नाही, मागचे दोन रविवारही तिथेच गेले हे सांगितले नाही. मी जे बोलले ते खोटे नव्हते, फक्त अर्धे होते.

कोणी टाळी वाजवली नाही. गीसब्रेख्तबाई आपल्या पायांतले नवे बूट बघत होत्या. भाऊजी उठून उभे राहिले, तोंड उघडले आणि पुन्हा बसले. सुसाना मागच्या रांगेत होती. दोन्ही मुली तिच्याकडे वर बघत होत्या, धाकटी काहीतरी विचारत होती, आणि सुसानाने तिच्या तोंडावर हात ठेवला होता. मला वाटले माझे बोलणे त्यांना कंटाळवाणे झाले.

मतदान लगेच झाले. क्रोकर म्हणाले, "हार्डर घराण्यातूनच असं म्हणणं येत असेल तर मी आड येणारा कोण." चार विरुद्ध तीन. ईस्टरनंतरच्या रविवारपासून दुकाने बारा ते सहा उघडी.

प्लेटने माझा हात दोन्ही हातांत धरला. "काकू, तुमच्यामुळे झालं." बाकी कोणी जवळ आले नाही. गाडीपर्यंत एकटीच आले.

जेवण: काही नाही.

शनिवार, २० मार्च

भाऊजी आले. कॉफी मागितली नाही, टोपीही काढली नाही.

"वहिनी, एक विचारतो. तू रविवारी घरी असतेस?"

मी टेबल पुसायला घेतले.

"विनिपेगला जातेस."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी पाहिलं तुला! एल्माला पडदे हवे होते. तू समोरून आलीस, तर मी दोन लटकत्या गालिच्यांच्या मधे शिरलो. तू जाता जाईनास. धुळीनं शिंका यायला लागल्या, नाक दाबून उभा होतो."

मला हसू आले. त्यांनाही आले. मग हसू विरले.

"आणि त्याच्या आदल्या रविवारी," ते हळू म्हणाले, "एल्माच्या माहेरी न जाता आम्ही इथं आलो होतो. दार ढकललं, तर कुलूप. दादाच्या घराला कुलूप! दोघं पायरीवर उभे राहिलो, परत गेलो. पास्टर येऊन गेले. त्या गीसब्रेख्तबाईसुद्धा आल्या एकदा, केक घेऊन आल्या आणि केक घेऊन गेल्या. सगळ्यांनी ठरवलं होतं, पहिले तीन महिने घरच्यांचे, रूथ आहे, गर्दी नको. मग ती थंडी. थंडी उतरली की जायचं. आणि थंडी उतरली तर तू नाहीस."

"सुसाना?" मी विचारले.

"सुसाना तर दर रविवारी. पोरींना घेऊन, रुळांपलीकडून चालत. बरण्या कोणी ठेवल्या असं वाटलं तुला?"

"एल्मानं."

"एल्माला लोणचं घालता आलं असतं तर मी सुखी माणूस असतो. आणि पायऱ्यांवरचा बर्फ?"

"मला वाटलं वारा..."

"वारा!" ते म्हणाले. "कडेपर्यंत!"

मी विचारले, मग मला कोणी बोलले का नाही. एवढे महिने. दुकानात रोज भेटत होतो, चर्चमध्ये शेजारी बसत होतो.

"काय बोलायचं? आलो होतो, तू नव्हतीस? म्हणजे झालंच ना विचारून, कुठं होतीस? इसब्रांट हार्डरच्या बायकोला, रविवारी, कुठं होतीस? कोण विचारेल असं? मी विचारलं का, सख्खा दीर असून?"

"सभेत तरी कोणी..."

"सभेत तू माईकसमोर उभी! सुसानानं उठून काय म्हणायचं होतं? काकू, आम्ही दारात होतो, तुम्ही कुठं होतात?"

म्हणजे धाकटी हेच विचारत असणार.

भाऊजी गेल्यावर मी मागच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. बरण्या दोन्ही धुऊन ठेवल्या होत्या. विनिपेगला जाऊ लागण्याआधी मी तीन रविवार वाट पाहिली. तीनच. आणि त्या तिन्ही रविवारी कोणाची गाडीसुद्धा चालू होत नव्हती.

रविवार, २८ मार्च

काल पाव भाजले. एकही कलंडला नाही. कुलूप काढले, दार थोडे उघडेच ठेवले, थंडी आत आली तर येऊ दे म्हटले.

कोणी आले नाही.

भाऊजींना फोन केला. म्हणाले, "आता कसे येतील, वहिनी? आता आले तर तू गावासमोर बोललीस म्हणून आले, असं होईल. तुला भीक घातल्यासारखं. मी येऊ का?" मी नको म्हणाले. का नको म्हणाले कळत नाही. फोन ठेवल्यावर वाटले, यायला सांगायला हवे होते.

शुक्रवार, २ एप्रिल

धीर करून, ठराव फिरवता येईल का ते विचारायला, नगराध्यक्षांकडे गेले. क्रोकर म्हणाले, ठराव झाला, वर कळवला, आता निवडणुकीनंतरच काय ते. मग प्लेटकडे गेले. रविवारच्या पाळीतून सुसानाला तरी सोडा म्हणाले.

त्याला खरेच आश्चर्य वाटले. "काकू, तुमच्याच शब्दावर उघडतोय, आता माणसं कुठून आणू? आणि तिनं स्वतः हो म्हटलंय. मी काही तिच्या मागं लागलो नाही." मग म्हणाला, "पहिल्या रविवारी या नक्की. कॉफी फुकट ठेवणार आहे."

वाईट माणूस नाही. तेच अवघड आहे.

रविवार, ४ एप्रिल

आज मी गेले. पाव टोपलीत घातले, वर फडके, आणि रूळ ओलांडून चालत गेले. बर्फ वितळून चिखल झाला आहे. अंतर मला वाटले होते त्यापेक्षा बरेच आहे. लहान मुलींना घेऊन उणे वीसमध्ये ते किती असेल याचा विचार करत चालले.

दार ढकलायला हात धजेना. आयुष्यभर लोक माझे दार ढकलत आले, मी कोणाचे ढकलले नव्हते. शेवटी ढकलले. आत सगळे बसलेले होते. सुसाना उठून उभी राहिली, तिचा नवराही. खुर्च्या चारच, म्हणून मुलींनी आपल्या दोन खुर्च्यांपैकी चांगली मला दिली आणि दोघी एका खुर्चीवर बसल्या. सुसानाने मला कॉफी ओतली. माझ्या कपात कोणी ओततेय आणि मी बसले आहे, हे विचित्र वाटले. साखर तिने न विचारता एकच खडा घातला. तिला माहीत होते.

तिच्या नवऱ्याने मेक्सिकोतल्या एका घोड्याची गोष्ट सांगितली, जो फक्त बिशपच्या बग्गीला जुंपल्यावरच लंगडायचा. मी इतकी हसले की बरगड्या दुखल्या. धाकटीने विचारले, "काकू, आम्ही यायचो तेव्हा तुम्ही कुठं..." आणि थोरलीने तिला टेबलाखालून लाथ मारली.

मी म्हणाले, "सुसाना, मला तुला काही सांगायचंय."

"काकू, कॉफी गार होतेय," ती म्हणाली.

"त्या सभेत मी..."

"आधी मुरंबा घ्या. पोरींनी बिया काढल्यात." तिने बशी पुढे सरकवली आणि माझ्या हातावर क्षणभर हात ठेवला. मी मुरंबा घेतला.

निघताना मी म्हणाले, "आता मी दर रविवारी घरी आहे. दाराला कुलूप नसेल."

ती मुलींच्या केसांतल्या पिना नीट करत होती. "पुढचा रविवार ईस्टर, आम्ही ह्यांच्या बहिणीकडे. आणि अठरापासून माझी पाळी आहे, काकू. बारा ते सहा."

"सगळेच रविवार?"

"सध्या सगळेच. बाकीच्यांची इच्छा नाही म्हणाले."

अंधार पडायच्या आत परतले. झोप: नाही. जेवण: भरपूर. डॉक्टरांना हे दोन्ही एकत्र कसे दाखवायचे?

रविवार, ११ एप्रिल. ईस्टर.

रूथ आली होती. कुलूप का लावत नाहीस म्हणून रागावली. मी म्हणाले, मला त्याने झोप लागत नाही.

रविवार, १८ एप्रिल

काल पाव भाजले. चांगले फुगले.

आज चर्चनंतर टेबलावर कपडा घातलाच नाही. दोन पाव मधोमध कापले, लोणी लावले, प्लमचा मुरंबा लावला, स्वच्छ फडक्यात बांधले. साडेतीनला दुकानात गेले.

सगळे तिथे होते. आता कोणी कोणापासून लपत नव्हते. गीसब्रेख्तबाईंनी मला हाक मारून सांगितले की टॉवेल निम्म्या किमतीत आहेत. भाऊजी एल्माची ट्रॉली ढकलत होते, मला पाहून ट्रॉली थांबवली, काहीतरी म्हणावे अशा बेताने उभे राहिले, मग म्हणाले, "बल्ब संपले होते." लोक घाईत होते, पण हसतमुख होते. फुकटची कॉफी कागदी पेल्यांत होती आणि ती सगळे चालता चालता पीत होते.

मी यीस्टचे एक पाकीट घेतले आणि सुसानाच्या रांगेत उभी राहिले. शेजारची रांग छोटी होती. तिकडच्या मुलीने मला बोलावले, "काकू, इकडे या, इकडे मोकळं आहे." मी मान हलवून तिथेच उभी राहिले.

माझी पाळी आली. सुसानाने यीस्ट उचलले. मी फडके पट्ट्यावर ठेवून गाठ सोडली. तिने आधी पावांकडे पाहिले, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. चार वाजायला आले होते.

"माझ्या मागे कोणी नाही," मी म्हणाले. ते खरे नव्हते, मागे युंगास होता, पण त्याने लगेच पाठ फिरवून च्युइंगमची पाकिटे वाचायला घेतली.

तिने एक पाव उचलला, वरचा छोटा मजला तोडला आणि तोंड वळवून एका घासात खाल्ला. दुसरा मी उचलला.  तिच्या ओठाला मुरंबा लागला होता, मी बोट दाखवले, तिने बाहीने पुसला.

"पोरी कुठं आहेत?" मी विचारले.

"घरी. ह्यांच्याबरोबर. धाकटी म्हणत होती, काकूंकडे जाऊ या. मी म्हटलं, एकट्या कशा जाल."

"पाठव ना त्यांना. मी घ्यायला जाईन."

"बघू," ती म्हणाली. मग प्लेट कोपऱ्यावर दिसला आणि तिने उरलेला पाव फडक्यात गुंडाळून गल्ल्याखाली सरकवला, यीस्टची किंमत दाबली. "पिशवी हवी, काकू?"

मी नको म्हणाले. बाहेर पडायच्या दाराशी आले. बाहेर ऊन होते, गाडीतळ भरलेला होता, आणि त्या सगळ्या गाड्यांमागे दिसणाऱ्या रस्त्यावरच्या एकाही घरापुढे गाडी उभी नव्हती.

मी परत आत वळले, यीस्टचे आणखी एक पाकीट घेतले आणि सुसानाच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिले.

जेवण: एक पाव, उभ्याने.